रांगेबाहेरची माणसं

नेत्रपेढीची रांग एकोणीसवर आली त्या दिवशी ऐनापुरे सरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना बासुंदी दिली. मिरजेच्या कृष्णाकाठ नेत्रपेढीचे ते संचालक, आणि डोळ्यांचे सर्जनही. सहा वर्षांपूर्वी पेढी सुरू झाली तेव्हा हीच रांग चारशेच्या पुढे होती. "या बासुंदीचा पहिला मान ऋतुजाचा," असं म्हणून त्यांनी स्वतः वाटी उचलून तिच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. ऋतुजा मगदूम हसली खरी, पण बासुंदी तिला काही गोड लागली नाही.

पेढीत काम चालायचं ते बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याचं. पूर्वी हा पडदा मेलेल्या माणसाच्या डोळ्यातून काढून घ्यावा लागे. आता तो टाकीत वाढवता येत होता. मूळ पेशींचा एक थेंब, त्याला लागणारं खाद्य आणि अंगाएवढी ऊब मिळाली, की पाच आठवड्यांत नखाएवढा स्वच्छ पडदा तयार व्हायचा. अडचण एवढीच, की टाकीतून काढलेला पडदा बारा दिवसच टिकायचा. तेवढ्यात बसवला नाही तर फेकून द्यायचा.

म्हणजे आज किती पडदे वाढायला लावायचे, हे पाच आठवड्यांनंतर किती माणसं येणार यावर ठरवायचं. जास्त लावले तर वाया जाणार, कमी लावले तर माणसं ताटकळणार. साठा आणि रांग ही गणिताच्या दृष्टीनं एकाच दोरीची दोन टोकं. एक ओढलं की दुसरं हलतं. ऋतुजानं गणितात डॉक्टरेट केली ती याच दोरीवर, आणि त्यातूनच पेढीसाठी 'तोल' नावाची प्रणाली उभी केली. तोल रोज सकाळी रांग बघायचा, साठा बघायचा, आलेले फोन बघायचा आणि टाकीवाल्यांना सांगायचा, आज इतके लावा. गेल्या वर्षात एकही पडदा वाया गेला नव्हता. कुणालाही महिन्याच्या वर थांबावं लागलं नव्हतं.

वाट्या गोळा झाल्यावर ऐनापुरे सरांनी खरी बातमी सांगितली. रांग एवढी कमी झाली म्हटल्यावर दोन टाक्या कशाला हव्यात? दुसरी टाकी गुडघ्यातली कूर्चा वाढवायला वापरायची. सोमवारी विश्वस्तांची बैठक होती, तिथं ठराव होणार होता.

"सर," ऋतुजा म्हणाली, "माणसं कमी झाली कशी, हे कुणी बघितलंय का?"

"कमी झाली कारण आपण त्यांना पडदे दिले. हेच तर तुझं यश!"

"दिलेल्यांचा आकडा माझ्याकडे आहे. फूल पडून पडदा पांढरा झालेले नवे डोळे दर वर्षी किती येतात, त्याचा सरकारी अंदाजही आहे. दोन्ही जुळत नाहीत. बरीच माणसं मधल्यामध्ये कुठंतरी गळाली आहेत."

ऐनापुरे सरांनी घड्याळाकडे बघितलं. "सोमवारपर्यंत शोधून काढ," ते हसत म्हणाले. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. ते तसे भले गृहस्थ होते.

माणसं कुठं गळाली, हे शोधायला तिला एक दुपार पुरली. पेढीचा एक नियम होता. कुणालाही महिन्यापेक्षा जास्त थांबवायचं नाही. सरकारी अनुदान त्यावरच अवलंबून होतं. तो पाळता यावा म्हणून रांगेला मर्यादा घातलेली होती: महिन्यात जितके पडदे तयार होणार, तितकीच माणसं रांगेत घ्यायची. मर्यादा भरली की फोनवर ध्वनिमुद्रित आवाज सांगायचा, 'सध्या नोंदणी बंद आहे. कृपया काही दिवसांनी पुन्हा फोन करा.' बस्स, एवढंच. फोन करणाऱ्याचं नाव कुठं लिहिलं जात नव्हतं. तो पुन्हा फोन करेपर्यंत पेढीच्या लेखी तो नव्हताच.

ऋतुजाच्या विषयात अशा माणसांना कक्षेतली माणसं म्हणतात. ती रांगेत नसतात, पण निघूनही गेलेली नसतात. ग्रहासारखी लांबून फिरत राहतात, मधूनच जवळ येतात, दार बंद दिसलं की पुन्हा लांब जातात. आणि दर वेळी त्यांचा फेरा थोडा मोठा होतो. आधी आठवड्यानं फोन, मग महिन्यानं, मग चार महिन्यांनी. तोलला दिसत होते फक्त आलेले फोन. फोन कमी झाले की त्याला वाटायचं मागणी घटली. तो पडदे कमी लावायचा. पडदे कमी, म्हणून आणखी माणसं परत जायची. ती आणखी उशिरा फोन करायची. तोल आणखी कमी लावायचा. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नव्हती, आणि ती प्रणाली तिनं स्वतः लिहिलेली होती.

कक्षेत किती माणसं असतील, हे मात्र काढता येत होतं. जो माणूस दोन महिन्यांनी एकदा फोन करतो, तसा आज एक फोन आला, तर त्याच्यासारखे आणखी साठ जण आज फोन न करता घरी बसलेले असणार. कोण किती दिवसांनी परत फोन करतो, एवढं कळलं की झालं. फोनयंत्रणा प्रत्येक फोन साठवून ठेवत असे आणि त्यातल्या आवाजाला एक खूण लावत असे, त्यामुळे एकच आवाज दुसऱ्यांदा आला तर ओळखू यायचा. नंबर कुलूपबंद होते. ते विश्वस्तांच्या परवानगीशिवाय उघडता येत नव्हते. ऋतुजानं खुणा जुळवल्या, तोलला नवं समीकरण दिलं आणि उत्तराची वाट बघत बसली.

उत्तर आलं, आठशेच्या आसपास. रांगेत एकोणीस, आणि बाहेर आठशे.

यंत्र आवाज बरोबर ओळखतंय ना, याची खात्री करायला तिनं काही खुणांचे फोन ऐकायला घेतले. एक म्हातारी होती, दर वेळी आधी मुद्रित आवाजाची खुशाली विचारायची. एक मुलगी आईसाठी फोन करत होती. मग एक पुरुषाचा आवाज आला.

"नमस्कार. डोळ्यात फूल पडलंय, दोन्ही. नाव नोंदवायचं होतं."

ऋतुजाचा हात थांबला.

त्याच खुणेचा दुसरा फोन तीन आठवड्यांनंतरचा. "नमस्कार. परत मीच." तिसरा दोन महिन्यांनंतरचा. "परत मीच. काय झालं का तेवढं?" शेवटचा फोन पाच महिन्यांपूर्वीचा होता. त्यात त्यानं काही विचारलं नव्हतं. मुद्रित आवाजाचं सांगून होईपर्यंत तो गप्प होता आणि मग म्हणाला होता, "बरं. असू द्या."

तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

धनंजय मगदूम तासगावला बोर्ड रंगवायचा. टेम्पो-ट्रक विजेवर चालायला लागले, तरी त्यांच्या पाठीवरची नावं हातानंच रंगवायची पद्धत राहिली होती आणि त्या कामाला धनंजयला लांबलांबून बोलावणी यायची. गेल्या भाऊबीजेला त्यानं घरातसुद्धा काळा चष्मा घातला होता. उजेड सोसत नाही म्हणाला होता. ऋतुजानंही मान डोलावली होती आणि करंजी खाल्ली होती.

ती तशीच उठून ऐनापुरे सरांच्या खोलीत गेली. आधी आकडा सांगितला. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले.

"आठशे हे तुझं समीकरण सांगतंय. मला माणसं दाखव."

"एक आहे," ती म्हणाली, आणि सांगून टाकलं.

सर एकदम पुढे झुकले. "तुझे सख्खे बंधू? अगं, मग आधी नाही का बोलायचं? आत्ता एक पडदा तयार आहे. ज्यांचा होता त्या बाईंना न्यूमोनिया झालाय, त्यांचं पुढे ढकललं. परवापर्यंत बसवला नाही तर वाया जाईल. उद्या सकाळी घेऊन ये त्यांना, मी स्वतः बसवतो."

ते मनापासून बोलत होते. ऋतुजाला खिडकीतून टाकीघराचं दार दिसत होतं. पडदा तिथंच होता, हाकेच्या अंतरावर. पण तो घेतला तर सोमवारी विश्वस्तांसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? आठशेंतला एक दिसला, त्याचं काम झालं, विषय संपला.

"रांगेत पुढचं कोण आहे, सर?"

"कऱ्हाडचे कुणी निवृत्त कंडक्टर आहेत. त्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली. एवढ्या घाईनं येतील की नाही कुणास ठाऊक."

"विचारा त्यांना," ऋतुजा म्हणाली. "दादा येणार नाही."

सर तिच्याकडे बघत राहिले. "तू त्यांच्याशी बोललीस?"

"नाही. पण येणार नाही."

कंडक्टर पहिल्या बसनं आले.

शनिवारी ती तासगावला गेली. भावाचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारात एका टेम्पोचा मागचा फाळका टेकवून ठेवलेला. धनंजय खडूनं त्यावर अक्षरांच्या रेघा मारत होता, सवयीच्या हातानं, नाक जवळजवळ पत्र्याला लावून. अश्विनी वहिनी शेजारी स्टूल टाकून त्या रेघांमध्ये रंग भरत होती. बाहेर गेलेला रंग ती पदरानं पुसत होती. दोघांचा असा धंदा किती दिवस चालला होता, हे ऋतुजाला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोण?" धनंजयनं मान न वळवता विचारलं.

"मी, दादा."

"आलीस व्हय. बस की." तो काही घडलंच नाही अशा सुरात म्हणाला. "अश्विनी, चहा टाक."

ऋतुजा बसली नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तू तिथं कामाला. मी तुझा भाऊ म्हणून पुढं घुसलो असतो, तर लोकांनी तुलाच नावं ठेवली असती. म्हटलं, आपला नंबर आला की जाऊ." त्यानं खडू खिशात टाकला. "नंबरच आला नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. तोल, कक्षा, आठशे माणसं, सोमवारची बैठक. नुसता आकडा दाखवला तर विश्वस्त तो उडवून लावतील, पण त्याचे ते चार फोन ऐकवले तर ऐकतील, असं तिला वाटत होतं. त्यासाठी त्याची परवानगी हवी होती.

"वाजव की. त्यात काय मोठं?"

ती इथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण थांबली नाही. "आणखी एक आहे, दादा. परवा एक पडदा शिल्लक होता. सर तुला बसवतो म्हणाले होते. मी नको म्हणाले."

वहिनीच्या हातातला ब्रश थांबला.

"कुणासाठी नको म्हणालीस?" धनंजयनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

गल्लीतून एक रिक्षा गेली.

"आवाज वाजवायचा, तर तेवढ्यासाठी मिरजेहून विचारायला आलीस," धनंजय हळू म्हणाला, "आणि डोळ्याचं परस्पर ठरवून टाकलंस?"

"तू नाहीच म्हणाला असतास, दादा. तुझा स्वभाव मला माहितीये."

"म्हणालो असतो. कदाचित म्हणालो असतो." त्याचा आवाज चढला. "पण ते मी म्हणायचं होतं! डोळा माझा हाय, ऋतुजा. तुझी बैठक, तुझं समीकरण, तुझी आठशे माणसं. त्यातला एक मी. त्या एकाला फोन लावायला तुला किती वेळ लागला असता?"

फोन करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, ही तिची पेढीविरुद्धची तक्रार होती. आणि तिनंही तेच केलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली.

वहिनी उठली, ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला आणि आत निघून गेली. चहा आलाच नाही. ऋतुजा निघाली तेव्हा धनंजय फाळक्याकडे तोंड करून उभा होता. "वाजव ते सोमवारी," तो म्हणाला. "बाकीच्यांचं तरी होऊ दे."

सोमवारी विश्वस्तांसमोर तिनं समीकरण दोन मिनिटांत उरकलं आणि चार फोन लागोपाठ ऐकवले. ऐनापुरे सरांनी आपली बाजू मांडली. गुडघ्याची माणसंही माणसंच आहेत, तीही वर्षानुवर्षं लंगडतायत, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. रांग उघडली तर थांबण्याचे दिवस वाढतील आणि अनुदान जाईल, हेही खरं होतं. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही माणसं खरंच आठशे आहेत का?"

"खात्रीनं सांगता येत नाही," ऋतुजा म्हणाली. "नंबर उघडून त्यांनाच विचारलं तर कळेल."

नंबर उघडायचं ठरलं. टाकीचा निर्णय तीन महिने पुढे गेला. मशीनकडून फोन लावायचे नाहीत, माणसांनीच लावायचे, असं अध्यक्षबाईंनी बजावलं. पेढीतले सगळे आपापलं काम सांभाळून फोनवर बसले. ऋतुजाही बसली. काहींनी कोइमतूरला जाऊन डोळा करून घेतला होता. काही वारले होते. एक आजोबा म्हणाले, आता सवय झाली, दुसऱ्या कुणाला द्या. एका बाईंना खरंच वाटेना. त्यांनी तीनदा विचारलं, "म्हणजे आता मी परत फोन करायचा नाही ना?" शेवटी सहाशेच्या वर नावं निघाली. पहिला फोन ज्या तारखेला आला, त्या तारखेनं प्रत्येकाला क्रमांक मिळाला. मर्यादा उठली.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. थांबण्याचे दिवस महिन्यावरून वर्षावर गेले. अनुदान निम्म्यावर आलं. 'नेत्रपेढीची रांग तिप्पट नव्हे, तीसपट' अशी बातमी छापून आली आणि ऐनापुरे सरांना मुंबईत जाऊन उत्तरं द्यावी लागली. परत आल्यावर ते ऋतुजाला एवढंच म्हणाले, "आठशे सांगितलेस, सहाशे निघाले. समीकरण सुधार." ती त्यांची माफ करण्याची रीत होती. दुसरी टाकी तशीच चालू राहिली. कूर्चेसाठी वर्गणी काढून तिसरी आणायचं ठरलं.

धनंजयचा क्रमांक पाचशेच्या आतबाहेर लागला. ऋतुजा दर रविवारी तासगावला जायला लागली. भाऊ तिच्याशी हळूहळू पूर्वीसारखा बोलू लागला. वहिनी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. पावसाळ्याच्या शेवटाला धनंजयच्या उजव्या डोळ्याच्या खराब पडद्याला जंतुसंसर्ग झाला. तो आत खोल गेला आणि डोळा कायमचा गेला. आता डाव्यावरच भागवायचं होतं.

हिवाळ्यात त्याचा नंबर लागला. नातेवाइकाला स्वतः फोन करायचा नाही, असा पेढीचा नियम, म्हणून तिच्या सहकाऱ्यानं केला. धनंजय लगेच "येतो" म्हणाला आणि अर्ध्या तासात टेम्पोवाल्या गिऱ्हाइकाच्याच गाडीत बसून निघाला. ऑपरेशन ऐनापुरे सरांनीच केलं.

पट्टी काढली त्या सकाळी खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला होता. धनंजयनं पहिल्यांदा बायकोकडे बघितलं, बराच वेळ. मग ऋतुजाकडे. मग त्याची नजर खिडकीबाहेर समोरच्या औषधाच्या दुकानावर गेली आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"तो 'क्ष' कुणी काढलाय रे? लाज नाही वाटली? त्याचं पोट बघा, शेपूट बघा!"

डॉक्टर हसले, नर्स हसली. ऋतुजा हसता हसता बाहेर आली, कारण तिला तिथं उभं राहवेना. व्हरांड्यातल्या बाकावर वहिनी तिच्या आधीच येऊन बसली होती. डोळे पुसून झाले होते तिचे.

"त्या दिवशीचा तो पडदा," वहिनी म्हणाली. वर्षभरात तिनं स्वतःहून काढलेले हे पहिले शब्द. "तो उजव्यात बसवला असता, तर डोळा वाचला असता का? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही."

ऋतुजा बाकाशी येऊन उभी राहिली.

"तुझ्या गणितात असेल की आकडा."

"आहे."

"काढलायस तू?"

"काढलाय."

"मग सांग."

नाही म्हणणं सोपं होतं. आकडा धड नाही, एका माणसाला लागू होत नाही, असं सांगता आलं असतं, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं.

"साठ," ऋतुजा म्हणाली. "अशी शंभर माणसं असती, तर साठांचा वाचला असता."

वहिनीनं ते ऐकून घेतलं. आतून धनंजयचा आवाज येत होता. तो आता नर्सच्या छातीवरची नावाची पट्टी मोठ्यानं वाचत होता.

"त्यांना नको सांगू," वहिनी म्हणाली.

"आणि त्यानं विचारलं तर?"

वहिनीनं आतल्या खोलीकडे बघितलं.

"विचारलं तर सांग," ती म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकून तिनं ऋतुजाला जागा करून दिली.